नाव आवश्यक आहे

दुसऱ्याने लिहिलेला कोड हातात घेणं म्हणजे दुसऱ्याच्या टूथब्रशने दात घासणं, असं त्याचं ठाम मत होतं. तरी पोटापाण्यासाठी तो गेली कित्येक वर्षं तेच करत होता. लोकांच्या जुन्या वेबसाइटी उघडायच्या, आत डोकावून कपाळाला हात लावायचा, आधी काम केलेल्या माणसाचा मनसोक्त उद्धार करायचा आणि मग तोच पसारा जरा नीटनेटका करून द्यायचा. या उद्धाराला धंद्यात फार महत्त्व आहे. त्याशिवाय आपण जाणकार आहोत असं गिऱ्हाइकाला वाटत नाही.

या वेळचं काम ताईमुळे मिळालं होतं. ताई एका फिजिओथेरपी क्लिनिकच्या रिसेप्शनवर इतकी वर्षं होती की पेशंट डॉक्टरांना ‘ताईंचे डॉक्टर’ म्हणून ओळखत. आई गेल्यावर याला तिनेच वाढवलं होतं. शाळेचे डबे, कॉलेजचे अर्ज, त्याच्या लग्नात रुसून बसलेले पाहुणे, सगळं तिनेच निस्तरलं. मधे त्याची कामं आटली तेव्हा तिनेच डॉक्टरांना गळ घातली, “माझा भाऊ आहे, नीट करेल.” मग याला बाजूला घेऊन म्हणाली, “छोट्या, मला इथून निवृत्त व्हायचंय. हकालपट्टी नकोय.”

छोट्याचं पोट आता टेबलाच्या कडेला टेकत होतं, पण ताईपुढे मोठं व्हायची सोय नव्हती.

त्याला जागा मिळाली काउंटरच्या मागे, झेरॉक्स मशीनशेजारी. समोर एकमेकांना जखडलेल्या खुर्च्यांवर पाठी, माना आणि गुडघे धरून बसलेली माणसं. पलीकडे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, सगळीकडे मलमाचा आणि दमट टॉवेलांचा वास. ताई नाव पुकारायची, पेशंट कण्हत उठायचा आणि बोळातून सावकाश नाहीसा व्हायचा. ताईचं पुकारणं ठसठशीत होतं. ऐकू कमी येणाऱ्यांचीही तक्रार नव्हती.

क्लिनिकच्या अपॉइंटमेंटच्या वेबसाइटच्या जुन्या कोडमध्ये अपेक्षेप्रमाणे सगळं काही होतं. एकच काम तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी केलेलं, कधीच न घडणाऱ्या गोष्टींसाठी केलेली तजवीज, आणि एक चमत्कारिक तुकडा. हा तुकडा रोज सकाळी आपणहून बोळाच्या टोकाच्या खोलीतली जेवणानंतरची वेळ भरून टाकत असे. नाव नाही, फोन नाही, दुखणं नाही. नुसतीच ‘भरलेली’.

“ताई, ही दुपारची वेळ कोणाची?”

“ती नाही द्यायची कोणाला,” ताई फायलीतून डोकं न काढता म्हणाली. “आणि त्या वेळेला नाव घालायचं नाही.”

“कोणी सांगितलं?”

“माझ्या आधीच्या बाईंनी.”

“त्यांना कोणी सांगितलं?”

“त्यांच्या आधीच्यांनी असेल. तू काय वंशावळ काढायला आलायस?”

“पण कारण काय?”

“कारणं सांगायला आत डॉक्टर आहेत. मी फोन उचलते.”

त्याने डॉक्टरांना विचारलं. आपल्याच क्लिनिकमधली एक खोली रोज दुपारी रिकामी असते, हे डॉक्टरांना त्या क्षणी कळलं, आणि आजवर कसं कळलं नाही याचं त्यांना फारसं नवलही वाटलं नाही. “काढा, काढा,” म्हणाले. “लोक तिकडे महिनाभर ताटकळतायत.”

अशा तुकड्यांसाठी त्याची एक पद्धत होती. उपयोग कळत नसेल तर चौकशा करत बसायचं नाही. तो तुकडा बंद करायचा आणि कोण बोंबलतं ते बघायचं. कोणी बोंबललंच तर मुकाट परत चालू करून ‘सर्व्हरला जरा प्रॉब्लेम होता’ म्हणायचं. कोणीच बोंबललं नाही तर कायमचा पुसायचा. अख्खा धंदा या पद्धतीवर चालतो, फक्त गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

त्याने तुकडा बंद केला. कोणी बोंबललं नाही.

मग पुसला. आणि हात लावलाच आहे तर म्हणून वेळ घेण्याचा फॉर्मही दुरुस्त केला. जुना फॉर्म नाव न भरताही पुढे जाऊ द्यायचा, आणि रिकाम्या चौकटीची त्याला चीड होती. फॉर्ममध्ये आज सोडलेली रिकामी जागा उद्या आपल्याच डोक्याला ताप होते, हे तो नव्या पोरांना आवर्जून सांगे. त्याने नाव सक्तीचं केलं. चौकट मोकळी सोडली की आता खाली लाल अक्षरांत उमटायचं : नाव आवश्यक आहे.

ती दुपारची वेळ पहिल्यांदा मिळाली एका निवृत्त शिक्षिकेला. आयुष्यभर गणित शिकवलेल्या, मानेला पट्टा लावलेला असूनही मान ताठ असलेल्या बाई. ताईने त्यांचं नाव पुकारलं, त्या टोकाच्या खोलीत गेल्या आणि लगेच परत येऊन बसल्या.

“काय झालं हो?” ताईने विचारलं.

“आत आहे कोणीतरी. पडद्याआड. होऊ दे त्यांचं सावकाश, मला घाई नाही.”

फिजिओ अजून जेवणाचा डबा धुवत होती. याने उठून खोलीत डोकावून पाहिलं. पलंग, पडदा, भिंतीवरचा आरसा, नोंदणीसाठी भिंतीला ठोकलेला टॅबलेट. कोणी नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर एक टॉवेल होता. बाईंना टॉवेल माणसासारखा दिसला असणार. तो तसं म्हणालाही. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याकडे पाहतात.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या नोंदी चाळताना त्याला दिसलं, की त्या दुपारच्या वेळेसाठी कोणीतरी सारखा फॉर्म भरतंय. चौकट कोरीच. फॉर्म परत पाठवतोय, नाव आवश्यक आहे. पुन्हा कोरी. पुन्हा परत. त्या टोकाच्या खोलीतल्याच टॅबलेटवरून. कोणी पेशंट उभ्या उभ्या चाळा करत असेल, नाहीतर टॅबलेटचा पडदा बिघडला असेल. लोक वेबसाइटशी कसे वागतात हे पाहिलेल्या माणसाला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

त्याच सकाळी फॉर्म एकदाचा स्वीकारला गेला. नावाच्या चौकटीत गणिताच्या बाईंचं नाव होतं.

त्याला समाधान वाटलं. वापरणाऱ्याला चूक दाखवली, त्याने ती सुधारली. यापेक्षा फॉर्मकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची? ब्राउझरला आधी भरलेलं नाव आठवतं, तेच कोणीतरी पुढे ढकललं असणार.

त्या दुपारी बाई आल्या नाहीत. आल्या त्या पुढच्या आठवड्यात, त्यांच्या नेहमीच्या सकाळच्या वेळेला. ताईने नाव पुकारलं. बाई मासिक वाचत राहिल्या. ताईने पुन्हा पुकारलं, आवाज चढवून. बोळातला वॉर्डबॉयसुद्धा वळला. शेवटी ताईने जाऊन खांद्याला हात लावला.

“मला बोलावलंत?” बाई सौजन्याने म्हणाल्या. “काय नाव म्हणालात?”

ताईने सांगितलं.

“असं होय,” बाई म्हणाल्या. “छान नाव आहे.” आणि उठून आत गेल्या.

“वय झालं,” हा म्हणाला.

“गप रे,” ताई म्हणाली. “त्या बाईंना अजून सतराचा पाढा उलटा येतो.”

पुढे ती वेळ एका बसड्रायव्हरने घेतली. कमरेचं दुखणं, गडी तिशी-पस्तिशीतला. तोही आत जाऊन लगेच बाहेर आला. “साहेब, आधीच्याचं आटपायचंय.” दुसऱ्या दिवशी टॅबलेटवरून त्याच वेळेसाठी त्याचं नाव भरलेलं. आणि त्यानंतर तो आला तेव्हा, ताईने चारदा पुकारूनही, मोबाइलवर क्रिकेट पाहत बसलेला.

“दादा, लक्ष कुठंय?” ताईने त्याला हलवलं. “तुमचंच नाव घेतेय.”

“बायकोपण तेच म्हणते,” तो ओशाळून हसला. “काय होतंय काय माहीत. नाव ऐकू येतं ओ, नीट येतं. पण अंगाला लागत नाही. दुसऱ्याची चप्पल पायात सरकवल्यासारखं वाटतं.”

ताई हसली नाही. काउंटरवर परत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “छोट्या, ते होतं तसं करून टाक.”

“ताई, डॉक्टरांना काय सांगू? ड्रायव्हरला चप्पल लागतेय म्हणून?”

“सर्व्हरला प्रॉब्लेम आहे म्हण. नेहमी म्हणतोस तसं.”

“उद्या बघतो.”

‘उद्या बघतो’ याचा अर्थ ताईला त्याच्या शाळेपासून माहीत होता. ती उठली, बोळातून टोकापर्यंत गेली, दार ढकलून आत गेली. थोड्या वेळाने परत आली, पाणी प्यायली आणि फोन घेऊ लागली.

“काय बघून आलीस?”

“काही नाही. म्हटलं, नीट सांगून यावं. इतकी वर्षं आम्ही एका जागी काम करतोय, ओळख नको का?”

“कोणाशी?”

“फोन वाजतोय,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने जेवणाआधी सहज कॉम्प्युटरवर दुपारच्या वेळांचं पान उघडलं. टोकाच्या खोलीची वेळ भरलेली होती. नावाच्या चौकटीत ताईचं नाव होतं.

ताईचं आत्ताचं नाव नव्हे. लग्नाआधीचं, वडिलांच्या नावासकट.

तो स्क्रीनकडे पाहत राहिला. ब्राउझरला आठवायचं तर ते नाव आधी कोणीतरी कुठेतरी टाइप केलेलं हवं. ताईच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या घरात कॅल्क्युलेटरसुद्धा नव्हता. या इमारतीत ते नाव फक्त दोघांना माहीत होतं.

त्याने नोंदी उघडल्या. या वेळी कोऱ्या चौकटी नव्हत्या. फॉर्म पहिल्याच फटक्यात नीट भरलेला होता.

मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं इतक्या वेगाने काम केलं. ताईच्या नावाची नोंद काढली. नावाची सक्ती काढली. पुसलेला तुकडा जुन्या प्रतीतून शोधून, त्यातलं एक अक्षरही न सुधारता, होता तिथे नेऊन बसवला. तरीही, सवयीने, त्या तुकड्याच्या बेशिस्त मांडणीचा त्याला राग येत होता.

पान रिफ्रेश केलं. टोकाची खोली, दुपारची वेळ, भरलेली. नाव नाही.

भिंतीवरच्या घड्याळात जेवणाची सुट्टी संपायला थोडा वेळ होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. ताई काउंटरवर त्याच्याकडे पाठ करून कागदांना स्टेपलर मारत बसली होती.

“ताई.”

“काय रे?” तिने लगेच मान वळवली. “चेहरा का असा? जेवला नाहीस?”

“जेवतो. काही नाही.”

त्याने श्वास सोडला. ताई पुन्हा कामाला लागली.

मग त्याच्या लक्षात आलं, की ‘ताई’ला ओ मिळाली यावरून काहीच सिद्ध होत नाही. पेशंट तिला ताईच म्हणत. डॉक्टर मॅडम म्हणत. भावोजी इतकी वर्षं ‘अगं’वर भागवत आले होते. तिला नावाने हाक मारणारं माणूस आता उरलंच नव्हतं. ते नाव गेलं असतं, तरी कोणाला कळलं नसतं. तिलाही नाही.

तपासायचं तर एकच मार्ग होता. त्याने तिला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. लहानपणी एकदा चिडून नाव घ्यायला गेला होता, तर आईने मुस्काटात दिली होती.

त्याने घसा साफ केला. हळूच तिचं नाव घेतलं.

स्टेपलरचा आवाज आला. मग पुढचा कागद.

त्याने पुन्हा घेतलं. मोठ्याने, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

बोळाच्या टोकाकडून, बंद दारापलीकडून, कोणीतरी ओ दिली. घरातल्या माणसाने द्यावी तशी, प्रसन्न.

ताईने वर न बघता पुढचा कागद ओढला.

“अरे, हाका मारतोयस ना तिला?” ती म्हणाली. “मग जा की. ओ देतेय बघ ती.”