बनाबाईंचा हात

रात्रीची जेवणं उरकली की नृसिंहकाका सेवाघराच्या व्हरांड्यात खुर्ची ओढून बसतात. निवृत्त कंपाउंडर. आता इथल्या औषधांचं कपाट सांभाळतात. बरी न होणारी माणसं आमच्या चर्चच्या या सेवाघरात शेवटचे दिवस काढतात, आणि त्यांच्याजवळ बसायला आम्ही नवी स्वयंसेवक पोरं येतो.

त्या रात्री यशराजनं विचारलं, "काका, पाळी बदलताना रुग्णाचा हात पुढच्याच्या हातात द्यायचा, हे कळलं. पण आधी त्या पुढच्याचं तोंड बघायचं, नाव विचारायचं, हे कशाला? आपल्यात काय चोर शिरतोय व्हय?"

काका हसले नाहीत.

"हात देण्याची रीत जुनी आहे. तोंड बघण्याची अभिरामपासून आली. ऐका."

अभिराम माझ्या चांगल्या ओळखीचा. परदेशात शिकून आलेला, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. भाड्याच्या खोलीत एकटा. एका रविवारी सहकाऱ्याबरोबर चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला गेला आणि तिथलाच झाला. गायनात उभा राहायचा, सणाच्या जेवणानंतर बायकांबरोबर पातेली घासायचा. त्यातल्या आग्नेसबाई त्याला म्हणायच्या, "एवढं शिकून पातेलंच घासायला आलास की रे!" त्यावर तो लहान मुलासारखा खूश व्हायचा. चर्चचं सांगितल्यावर आईनं फोनवर "तुझं तू बघ" एवढंच म्हटलं होतं. आता हीच त्याची माणसं. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला, पवित्र शनिवारी, त्याचा बाप्तिस्मा ठरला. तारीख तीस मार्च दोन हजार चोवीस.

त्या संध्याकाळी तो नवा पांढरा शर्ट घालून चर्चला निघाला होता. वाटेत धुतलेल्या चादरी द्यायला इथं थांबला. मुरगूडच्या बनाबाई अगदी शेवटाला आल्या होत्या. घरचं कोणी येत नव्हतं. त्यांनी त्याचा हात धरला.

"मला एकटीला सोडू नगंस, लेकरा."

"नाही सोडणार, आजी."

रात्रपाळीच्या विठाबाई येईपर्यंत बसतो, असं तो मला म्हणाला. मी औषधं मोजायला आत गेलो.

विठाबाई येईनात. एसटी चुकली असावी. साडेनऊ झाले. अभिरामचा फोन थरथरत होता. चर्चच्या अंगणात जागरणाच्या सुरुवातीचा अग्नी पेटवला होता. सगळे विचारत होते, कुठं आहेस? त्याचा एक हात बनाबाईंच्या हातात, डोळे दाराकडे. हाक मारली असती तर मी आलो असतो. नाही मारली...

आणि लाइट गेली.

काळोखात खाटेच्या पलीकडून आवाज आला. बाईचा.

"दे हिकडं."

"विठामावशी? आलात व्हय?"

उत्तर नाही. त्यानं बनाबाईंचा हात उचलून पलीकडं दिला. पलीकडच्या हातानं तो घेतला. खरबरीत बोटं. घट्ट.

"येतो, आजी," म्हणाला, आणि धावत निघाला.

फाटकात कुणीतरी धडकलं. पिशवी घेतलेली, धापा टाकणारी बाई.

"आरं, हळू की! आंधळा हायस का?"

विठाबाई.

"मावशी... तुम्ही तर आत..."

"मी? मी आत्ता उतरलो न्हवं गाडीतनं. म्हातारीपाशी कोण बसलंय?"

त्यानं मागं वळून अंधाऱ्या खोलीकडं बघितलं.

"कोण बसलंय रं?"

...

तो परत पळाला. मी आवाज ऐकून बॅटरी घेऊन आलो. बनाबाई गेल्या होत्या. डोळे मिटलेले. हात भिंतीकडं लांब केलेला. बोटं मिटलेली, कुणाचा हात धरल्यासारखी.

भिंतीकडं.

ती खाट भिंतीला चिकटून होती, पोरांनो. पलीकडं खुर्ची नव्हती. जागाच नव्हती.

त्या रात्री बाप्तिस्मा झाला नाही. ईस्टरच्या सकाळी फादर स्वतः इथं आले. अभिराम त्याच शर्टात पायरीवर बसलेला.

"फादर, ती एकटी गेली का?"

फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नसेल एकटी, तर मी तिला कुणाच्या हातात दिलं?"

फादर त्याच्याशेजारी पायरीवर बसले. अभिराम अजून येतो, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसतो. पण बाप्तिस्मा घेतलेला नाही. याचं उत्तर मिळू दे, म्हणतो.

"काका," यशराज हळूच म्हणाला, "अंधार होता, त्यात घाई. भास झाला असंल त्याला."

"मीही त्याला तेच सांगितलं. मग खोली धुवायला खाट सरकवली..."

आत कुणीतरी खोकलं.

"भिंतीवर डाग होता. डोक्याच्या तेलाचा. रोज टेकून बसणाऱ्या बाईचा पडतो ना, तसला. बसल्यावर डोकं येईल तेवढ्याच उंचीवर. बनाबाईंच्या डोक्यावर तर औषधानं केस उरले नव्हते. दोनदा रंग दिला, तरी डाग वर आला. मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा."

"मग?"

"आज सकाळी हात लावून बघितला. बोटं तेलकट झाली."