दुपारी एक वीसचा भूकंप

तिने वर्गाचं दार ढकललं आणि त्याच क्षणी विज्ञानाच्या सरांनी टेबलावरून धाडकन उडी मारली. थेट तिच्या पुढ्यात!

"बघा रे, सुई केवढी हल—" सरांना ती दिसली आणि वाक्य तिथेच अडकलं.

"म्हणजे रोज एक वाजून वीस मिनिटांनी होणारा भूकंप तो हाच," ती म्हणाली.

पोरं खिदळली. सरांचे कान लालबुंद झाले.

ती शैक्षणिक साहित्य केंद्रातून आली होती. चंद्राचे नकाशे, ग्रहांचे तक्ते, दगडांच्या पेट्या असं काय काय ते केंद्र शाळांना वापरायला देई. यंदा वीस शाळांना भूकंपमापक दिले होते. त्यांचे आलेख दर सोमवारी तिच्या टेबलावर येत. कुठला धक्का खरा, कुठला ट्रकचा आणि कुठला मधल्या सुट्टीचा, हे तिला बघताक्षणी कळे. या शाळेच्या आलेखावर मात्र रोज एकाच वेळी तीन उंच रेघा! नियम साधा होता. नोंदी बिघडल्या तरच तपासणी, आणि सलग चार महिने बिघडल्या तर यंत्र परत.

"हे यंत्र आहे हो सर, झोपाळा नाही."

"पण मॅडम, खरा भूकंप येईपर्यंत मुलांनी नुसतं बघत बसायचं?"

"हो. विज्ञानात तेच करतात."

"बघत बसायला माझी हरकत नाही," सर म्हणाले, "काय बघायचं त्यावर आहे..."

ती घाईघाईने पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधू लागली. तो तिच्या हातातच होता.

दुसऱ्या महिन्यात उड्या तिनाच्या दोन झाल्या. "प्रगती आहे," तिने शेरा मारला. "शाबासकी मिळेल का?" सरांनी विचारलं. "फाजीलपणा नको," म्हणत ती यंत्राखाली वाकली, कारण हसू काही आवरेना. इतर शाळांत अर्ध्या तासात उरकणारं काम इथे चहासकट दोन तास चाले. यंत्राला बिचाऱ्याला एवढं तपासण्यासारखं काही नव्हतंच.

तिसऱ्या महिन्यात मात्र ती गंभीर होती. "आता शांतता हवी. नाहीतर यंत्र उचलावं लागेल. मी खोटा अहवाल देणार नाही, सर."

"मी तसं सांगणारही नाही," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी थट्टा केली नाही.

पुढच्या सोमवारी आलेख आला तो एकदम स्वच्छ. त्याच्या पुढचाही तसाच. तिसऱ्या आठवड्यात तर दूर समुद्राखाली झालेला खरा भूकंप त्यावर सुरेख उमटला होता. पहिली लाट, दुसरी लाट... पोरांनी लाल पेन्सिलने दोन्हीवर खुणा केल्या होत्या. अख्खं केंद्र बघायला जमलं. साहेब खूश होऊन म्हणाले, "या शाळेला आता तपासणी नको. यंत्र कायमचं त्यांना देऊन टाका."

हवं ते झालं होतं. तरी तिने आलेख पुन्हा उघडला. एक वीसच्या जागी सरळ, रिकामी रेघ होती, आणि दर सोमवारी आपण आधी तिथेच बघत होतो हे तिला आता कळलं.

तिने अहवालाचा कागद पुढे ओढला. 'बिघाड'पुढे एक खूण केली, की आणखी एक भेट पक्की. पण हा चौथा महिना, त्याच खुणेने यंत्रही जाणार. तीन आठवडे वर्गात पाऊल न वाजवता चाललेली ती पोरं तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने पेनाला टोपण लावलं.

शनिवारी ती गेली. पिशवी नाही, कागद नाही. शाळा सुटली होती. सर एकटेच फळा पुसत होते.

"काय झालं? नोंदी बिघडल्या?" ते घाबरलेच.

"नाही. अगदी स्वच्छ आहेत. तपासणी बंद झाली... आता इथे यायला मला काही कारणच उरलं नाही."

"ठाऊक होतं मला," सर हळूच म्हणाले. "रोज वाटायचं, मारावी एक उडी, म्हणजे तुम्ही याल. पण मग पोरांचं यंत्र जाईल... म्हणून गप्प बसलो. फार जड गेलं हो."

तिचे डोळे भरून आले. जे निमित्त दोघांनाही हवं होतं, ते दोघांनीही आपापल्या जागी टाकून दिलं होतं.

"मी तुमच्यासाठी आलेय," ती म्हणाली. "दुसरं काही काम नाही माझं."

सरांनी खडूने माखलेला हात पुढे केला, मग पांढरा आहे हे बघून मागे घेतला. तिने तो धरला.

"हात खराब होईल तुझा..." ते पुटपुटले, आणि 'तुझा' म्हणून गेल्यावर दचकले.

"होऊ दे," ती म्हणाली. तिने हात सोडला नाही.