पुनमचं बिनमिरचीचं भरीत

शाळा गुणवत्ता चाचणीत तालुक्यात पहिली आली आणि रत्नाबाईंचं डोकं फिरलं.

फिरणार नाही तर काय? एरंडोल तालुक्यातल्या त्या केंद्रप्रमुख. ही शाळा त्यांच्याच केंद्रातली, आणि गेल्या वर्षी पार तळाला. निकाल उघडला तेव्हा पाणी कुठं मुरतंय ते दिसलं. भिलाटीतली, म्हणजे गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीतली, अकराच्या अकरा मुलं चाचणीला गैरहजर. वाचनात मागं असलेली बहुतेक तीच. ती नव्हती म्हणून सरासरी वर गेली.

तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांना त्याचं काही नव्हतं. उद्या जळगावला सत्कार आहे, आज सगळं ठीक असल्याचा अहवाल द्या, असं त्यांनी सकाळीच फोनवर सुनावलं. वर मुख्याध्यापक मोतीलाल सरांचा प्रस्ताव सहीसाठी पडून होता. ही मुलं सतत गैरहजर, आईबापांना शाळेपेक्षा मजुरी प्यारी, तेव्हा त्यांची नावं कमी करून दूरच्या आश्रमशाळेत पाठवावीत. रत्नाबाईंची सही झाली की अकरा मुलांची शाळा सुटली.

त्या तडक शाळेत पोचल्या. मोतीलाल सर आधीच हार-तुऱ्यांच्या गडबडीत होते.

"मुलं कुठं होती त्या दिवशी?"

"कापूस वेचायला, मॅडम. दुसरं काय करणार ती?"

"नावं सांगा त्यांची."

सरांना दोनच आठवली, तीही मुलग्यांची. मग ते म्हणाले, चाचणीला बाहेरचे पर्यवेक्षक आले होते, त्यांच्या सरबराईत आपण दिवसभर फाटक सोडलं नाही, आपल्याला कसं ठाऊक असणार? वर्गशिक्षकांना विचारा. पण त्या दिवशी वर्गशिक्षकांना वर्गात मज्जाव होता, नियमच तसा.

वर्गशिक्षक समाधान गुरुजी व्हरांड्यात खिचडी वाढत होते. भला माणूस. रोज सकाळी भिलाटीत जाऊन मुलांना हाताला धरून आणणारा. स्वयंपाकीण सुनंदाबाईंनी ठेचा कालवायला घेतला तशी त्यांनी आठवण केली, "पुनमचं आधी काढा." सहावीतल्या पुनमचं तोंड सदा आलेलं, तिला तिखट चालत नसे. कापसाचं विचारलं तर गुरुजींनी मान खाली घातली. "असेल, मॅडम."

मुलांना विचारलं. अकरा जणांनी पोपटासारखं एकच वाक्य म्हटलं, "कापूस वेचायला गेलो होतो." आठवीतली प्राची, सगळ्यांत मोठी आणि हुशार, बाईंच्या नजरेला नजर देईना. कुठल्या शेतात? मुलांनी नाल्यापलीकडं बोट दाखवलं.

रत्नाबाई शेतकऱ्याची लेक. शेत पाहताच त्या हसल्या, रागानं. कपाशी चाचणीच्या कितीतरी आधीच उपटून झाली होती, पऱ्हाट्या बांधाला सुकत पडल्या होत्या. वेचणार काय, ढेकळं? बांधाजवळ मात्र राख होती आणि राखेत वांग्यांची करपलेली सालं. इथं भरीत झालं होतं, चांगलं पंगतीएवढं. आणि शेजारच्या मजुराला विचारलं तर शेत मोतीलाल सरांचं.

सापडला चोर, असं त्यांना वाटलं. भिलाटीत पुनमची आजी भागाबाई भेटली. मजुरीचं नाव काढताच म्हातारी भडकली. "पोरे तर शाळामाच व्हतात, बाई. मी सोता तेल लाईसन धाडं."

म्हणजे आईबापांचा दोष नव्हता. मुलं शाळेला निघाली आणि वाटेतून कुणीतरी वळवली. पण मोतीलाल सर तर दिवसभर फाटकावर. रत्नाबाई वैतागल्या. एक धागा धरावा तर दुसरा सुटत होता, आणि साहेबांचा फोन सारखा वाजत होता.

त्या परत शाळेत आल्या आणि पुनमजवळ बसल्या.

"भरीत फार तिखट होतं का गं?"

"नाही बाई, माझं वेगळं होतं."

प्राचीनं तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

रत्नाबाईंनी मुख्याध्यापक आणि गुरुजी, दोघांनाही ऑफिसात बोलावलं. "मोतीलाल सर, मला तुमच्यावरच संशय होता. शेत तुमचं, फायदा तुमचा. पण ज्यानं ते भरीत केलं त्यानं पुनमच्या वाटणीचं मिरची घालायच्या आधी काढून ठेवलं. तुम्हाला तर पुनमचं नावसुद्धा आठवलं नाही. तिचं तोंड येतं हे माहीत असलेला, मुलं ज्याच्यामागं मुकाट चालतील असा आणि त्या दिवशी वर्गाबाहेर मोकळा असलेला माणूस एकच आहे. समाधान गुरुजी, का केलंत हो असं?"

गुरुजी म्हणाले, "नापास झाली असती, मॅडम. मग सगळे म्हणाले असते, बघा, भिलाटीची पोरं. मला ते ऐकवत नाही. परीक्षा तुमची नाही म्हणून सांगितलं, सरांच्या मोकळ्या शेतात खाऊ घातलं, कापसाचं म्हणायलाही मीच शिकवलं. चुकलं माझं."

"आणि आता तीच गैरहजेरी दाखवून सर त्यांना शाळेबाहेर काढतायत. तुमच्या मायेनं केलेलं काम आहे हे." राग काढावा तर समोर दुष्ट माणूसही नव्हता, याचाच रत्नाबाईंना जास्त संताप आला.

दारात प्राची उभी होती. सगळं ऐकलं असावं.

"गुरुजी, आम्हाला येणार नाही असं तुम्हाला पण वाटत होतं?"



रत्नाबाईंनी साहेबांना फोन लावला. सत्कार रद्द करा, पहिला नंबर खोटा आहे, असं सांगून त्यांची बोलणी पूर्ण ऐकून घेतली. मोतीलाल सरांचा प्रस्ताव त्यांनी सही न करता परत केला. मग उरलेल्या प्रश्नपत्रिका काढून अकरा मुलांना पुढच्या बाकांवर बसवलं. गुरुजींना बाहेर थांबायला सांगितलं.

दोघं-तिघं कोऱ्या कागदाकडं बघत राहिले. पुनम पेन्सिल चावत एकेक अक्षर लावत होती. हे बदलायला वर्ष जाईल, हे रत्नाबाईंना दिसत होतं.

तेवढ्यात प्राचीनं हात वर केला. अडलं असेल म्हणून त्या जवळ गेल्या.

"बाई," खिडकीबाहेरच्या गुरुजींना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पुरवणी आहे का?"