बंदरावरच्या क्रेनची चाकं

"अगो मैना, उद्या ट्रक येतोय! क्रेन मुंबईला नेणार!" राही धापा टाकत अंगणात आली. तिची धाकटी बहीण मैना आणि मुंबईहून सुटीला आलेला चुलतभाऊ हरी आंबे चोखत बसले होते.

"कुठली क्रेन?" हरीने विचारले.

"बंदरावरची जुनी, वाफेवर चालायची ती! रंग देऊन, साखळी लावून जपून ठेवलीय ना? बंदराचे नवे साहेब म्हणतात, ती इथली नव्हेच. मुंबईच्या बागेत शोभेल!"

तिघे धावतच बंदरावर गेले. क्रेनभोवती फिरता फिरता हरी एकदम खाली बसला. "ए, ही चाकं बघा! आतल्या बाजूला उंच कड आहे. आगगाडीच्या चाकांना असते तश्शी!"

"पण रत्नागिरीत आगगाडी कुठाय?" मैना म्हणाली. कोकणात तेव्हा रेल्वे आलीच नव्हती.

"म्हणूनच साहेबांना ती परकी वाटते," राही हिरमुसली.

शेजारी मासळी वाळत घालणाऱ्या यमुनाबाई हसल्या. "इथलीच हाय गो! हा धक्का हिनेच बांधला. रुळावरनं यायची, एवढाले दगड उचलायची! आम्ही पोरी विहिरीचं पाणी आणून हिच्या पोटात ओतायचो. खारं चालायचं नाय हिला!"

"आजी, हे साहेबांना सांगा ना!"

"सांगितलं. म्हणाले, म्हातारीच्या गप्पा."

मैनेच्या नाकपुड्याच फुलल्या. "रूळ कुठे गेले मग?"

"गेले वाळूत. धक्क्याच्या अंगाला असतील बघा."

ओहोटी लागली होती. काठ्या खुपसत तिघे वाळूत फिरू लागले. हरी दोनदा चिखलात आपटला. एका कुर्लीने नांगीत त्याचा अंगठाही धरला!

"सोड गं बाई, सोड!" तो ओरडला. मुली पोट धरून हसल्या. तेवढ्यात राहीची काठी वाजली. ठण्ण!

करवंट्यांनी उकरताच गंजलेला रूळ दिसला. शेजारी दुसराही!

"साहेब म्हणतील, असेल कसलंतरी लोखंड," राही म्हणाली.

"थांब!" मैनेने यमुनाबाईंकडून जाळ्याची दोरी आणली, क्रेनच्या दोन चाकांमधले अंतर मापून गाठ मारली आणि ती दोरी रुळांवर धरली. गाठ नेमकी बसली! "बरोब्बर!"

पण भरती सुरू झाली होती; रूळ बुडण्याआधी साहेबांना दाखवायला हवे होते. तिघे बंदराच्या कचेरीत धावले. साहेब चहा घेत होते. "उद्या बघू," ते म्हणाले.

"साहेब, रत्नागिरीत रेल्वे सापडलीय!" राही ठामपणे म्हणाली. "रुळांसकट!"

साहेब खो खो हसले. "चला, बघूच तुमची रेल्वे!"

हसत बाहेर आलेल्या साहेबांना रूळ दिसले. पँट दुमडून ते पाण्यात शिरले, स्वतः दोरी लावून पाहिली. मग परत एकदा पाहिली.

"शाबास, पोरांनो! रोज क्रेनपुढून जातो मी, पण चाकांकडे कधी बघितलंच नाही." ते यमुनाबाईंकडे वळले. "आजी, चुकलं माझं. ट्रक येणार नाही. इथे क्रेनच्या इतिहासाची पाटी लावू. काय लिहू, सांगा."

"पाणी वाहणाऱ्या मुलींची नावंसुद्धा लिहा!" मैना म्हणाली.

यमुनाबाईंनी पदराने हात पुसले. क्षणभर समुद्राकडे पाहिले.

"लिव्हा तर," त्या म्हणाल्या. "हौसा. सगुणा. सखू. तुळसा... माझं शेवटी घाला हो, मी सगळ्यांत लहान होते."