पाण्याची राखण

त्या खडीच्या खाणीत धूळ इतकी, की आत शिरलेला कावळा बाहेर पडताना बगळा होऊन यायचा. अशा धुळीत ती तरुण इंजिनीअर पहिल्याच दिवशी नवा कोरा निळा शर्ट घालून, नकाशा उघडून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली... आणि रस्त्यावर पाणी शिंपडत येणारा टँकर वळणावर थेट तिच्या अंगावर बरसला.

टँकरवाला उडी मारून खाली आला. "लागलं का कुठे?"

"पाणी लागतं का कधी?" ती निथळत म्हणाली.

"नाही... पण तुम्ही अशा बघताय, की मलाच लागलंय."

तिला हसायचं नव्हतं. पण नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब ओघळला आणि हसू फुटलंच.

त्याला सगळे पावश्या म्हणत. खाणीचा मुकादम त्याचा सख्खा मामा.

खाणीतली खडी संपत आली होती. उरला होता एक अजस्र खड्डा. त्याचा तलाव करायचं काम तिच्याकडे आलं होतं. पण खडीच्या जमिनीत पाणी साठवायचं म्हणजे चाळणीत दूध ओतायचं! तिचं म्हणणं, तळाला नि कडांना चिकणमाती दाबून बसवली, तर थेंब गळणार नाही. साहेब म्हणाले, "आधी अंगणाएवढा खड्डा करून दाखव. पाणी टिकलं तर सगळं काम तुझं. नाही टिकलं तर सामान बांध."

खड्डा झाला, पावश्याने टँकरने भरला. तिने पाण्यात मोजपट्टी उभी केली, शेजारी पत्र्याची पसरट टाकी भरून ठेवली. पहिल्या सकाळी तिने वाकून पट्टी बघितली, कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या सकाळी पाहते तो काय— पाणी वाढलेलं!

"बाई," मुकादम मामा म्हणाले, "गळणारे खड्डे मी पुष्कळ पाहिले. व्यालेला हा पहिलाच!"

काठावर टँकरच्या चाकांचे ओले माग होते. ती तरातरा पावश्याकडे गेली.

"पाणी तू टाकलंस?"

"टाकलं... थोडंसंच."

"का?"

"काल पट्टी बघून तुमचं तोंड उतरलं. ते बघवेना."

"अरे, तोंड कसलं उतरतंय! उन्हाने डोळे बारीक झाले होते!" तिने कपाळावर हात मारला. "ऊन पिणार तेवढं पाणी घटणारच. म्हणून तर ती टाकी ठेवलीय. खड्ड्यात नि टाकीत सारखंच घटलं, तर गळती नाही. कालचा आकडा छान होता रे... आणि तू सगळं धुऊन टाकलंस!"

त्याचं तोंड मात्र आता खरोखर उतरलं. ते तिलाही बघवेना, पण तसं सांगते कोण?

तिने साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं. साहेब भडकले, मग निवळले. "पुन्हा एकदा कर. पण आता कुणी पाण्याला बोट जरी लावलं, तर मी खड्डा बुजवीन."

"ऐकलंस?" तिने पावश्याला फर्मावलं. "कामावरून सुटलास की थेट इथे यायचं. माझ्या डोळ्यांसमोर बसायचं."

"बाई, ही जर शिक्षा असेल," मामा म्हणाले, "तर मलाही लग्नाआधी कुणीतरी द्यायला हवी होती."

मग रोज संध्याकाळी दोघं काठावर. समोर पाणी, आणि पाणी काही करत नसे. एखादा चतुर किडा येऊन पृष्ठभागाला टेकायचा, वर्तुळं उमटायची, विरायची. बिस्किटाचा पुडा दोघांच्या मधे असायचा... पुडा तेवढाच राहायचा, मधलं अंतर मात्र रोज घटायचं. ते कोण पीत होतं, देव जाणे.

"कुठे बघतोयस?"

"पट्टीकडे."

"पट्टी त्या बाजूला आहे."

"मग... पट्टीच चुकीच्या जागी लावलीय तुम्ही."

चाचणीच्या शेवटच्या सकाळी तिने आकडा वाचला. टाकीचा वाचला. पुन्हा दोन्ही वाचले. पावश्याने श्वास इतका रोखला, की खाणीतला वारा पडला म्हणतात.

"सारखं!" ती ओरडली. "अगदी सारखं! पाणी टिकलं!"

साहेबांचा होकार आला, मोठं काम तिचं झालं, ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवून खाण दणाणून सोडली. या गलबल्यात पावश्या एकटाच काठावर बसून राहिला.

"राखण संपली म्हणायची," तो म्हणाला.

"संपली."

"मग उद्यापासून मी कुठे बसू?"

"तुला कुठे बसायचंय?"

"तुमच्याजवळ. पाणी असो... नसो."

किती संध्याकाळी ती या वाक्याची वाट बघत होती! "आधी ते 'तुम्ही' सोड."

टँकर उलटा चालवत अख्खा घाट उतरणारा माणूस, पण तोंडातून एक अक्षर निघेना. कान लाल झाले. "तू..." तो शेवटी म्हणाला, आणि पुढचं सगळं विसरला.

"राहू दे. पुढचं मला कळलं," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दूर उभ्या मामांनी कर्कश शिट्टी फुंकली आणि खाणीतल्या झाडून सगळ्या ट्रकवाल्यांना पाठ फिरवून उभं राहायला लावलं. स्वतः मात्र पाठ फिरवायचं विसरले.