सोसण्याचं विरजण

विभागाची बैठक म्हणजे मुळात पोह्यांची बैठक. वर तर्रीचा झणझणीत रस्सा ओतून झाल्याशिवाय विषयपत्रिका कुणी उघडत नसे. त्या दिवशी डॉ. ज्योत्स्ना कुमरे पहिला घास घेणार, तोच त्यांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. डाव्या मांडीत सकाळपासून कळ होतीच. पट्ट्यावर प्रश्न उमटला, 'किती दुखतंय?' माशी हाकलावी तितक्या सहज त्यांनी 'काही नाही'वर बोट टेकवलं आणि पोहे खायला सुरुवात केली.

ज्योत्स्नाबाईंना जन्मापासून सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि मग हाडं अशी ठणकतात की माणूस भिंत धरून खाली बसतो. जनुकोपचार निघाले होते, पण त्यांची रांग पूर्व विदर्भात पोचायला अजून अवकाश होता. तोवर हा पट्टा. त्वचेतून प्रकाश सोडून तो पेशींचं वाकणं पाही आणि मोठी कळ येण्याआधी इशारा देई. पण ज्या वाकण्याने एकजण रुग्णालयात पोचतो, ते दुसऱ्याला जाणवतही नाही. म्हणून पट्टा अधूनमधून विचारायचा आणि या माणसाच्या बाबतीत नेमकं कधी घाबरायचं, हे उत्तरांवरून शिकायचा.

माणूस डॉक्टरशी खोटं बोलेल, सासूशी बोलेल, यंत्राशी कशाला बोलेल? पट्टा बनवणाऱ्यांनी असंच गृहीत धरलं होतं. त्यांची आणि ज्योत्स्नाबाईंची गाठ पडली नव्हती. नोकरीचं पहिलं वर्ष सोडलं तर बाईंनी आजारपणाची रजा घेतली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि विभागाला तर त्यांच्याहून जास्त. कुणी कुरकुरलं की लगेच, "कुमरे मॅडमकडे बघा जरा!"

म्हणूनच राज्यातल्या विद्यापीठांनी मिळून 'सोबत' योजना काढली, तेव्हा त्यांचं नाव सर्वांत आधी पुढे आलं. दिव्यांग संशोधक विद्यार्थ्याला त्याच वाटेने गेलेला ज्येष्ठ मार्गदर्शक द्यायचा, अशी ती योजना. ज्योत्स्नाबाईंच्या वाट्याला कोरचीकडची सलोनी नैताम आली. भाताच्या बियाण्यातल्या प्रथिनांवर काम करणारी, हसरी आणि हट्टी. तिलाही सिकलसेल. नव्या पट्ट्याला सुरुवातीला काहीच कळत नाही, म्हणून मार्गदर्शकाच्या पट्ट्याची शिकवण त्यात उतरवली जाई. विरजण लावावं तसं. पहिले काही महिने तो विचारत नसे, त्या शिकवणीवरच रंग दाखवी. सलोनीला पट्टा बांधताना बाई म्हणाल्या होत्या, "हा हिरवा आहे तोवर बिनधास्त काम कर, बेटा. लाल झाला की सगळं टाकून उठायचं."

बैठक संपता संपता फोन आला. सलोनी प्रयोगशाळेच्या शीतखोलीत कोसळली होती.

रुग्णालयात सलोनीच्या नाकाला प्राणवायूची नळी होती आणि छातीत पाणी साचलं होतं. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. "जीव वाचेल. उजव्या खुब्याच्या हाडाचं मात्र सांगता येत नाही. काल आली असती तर वेगळं होतं. आणि या आजारात थंडीत काम करू कुणी दिलं तिला?"

व्हरांड्यात पट्ट्याचा अभियंता देवदत्त ठोंबरे मांडीवर संगणक घेऊन बसला होता. एरवी बडबड्या, आज मान वर करेना.

"पट्टा बिघडला होता ना?" बाईंनी विचारलं. 'हो' ऐकण्यासाठी त्या काहीही द्यायला तयार होत्या.

"नाही, मॅडम. पेशी वाकताहेत हे त्याला काल दुपारीच दिसलं होतं. पण इतपत वाकण्याला 'काही नाही' म्हणायचं, असं त्याला शिकवलेलं आहे."

"कुणी?"

ठोंबरेने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. वर्षानुवर्षांचे त्यांच्याच पट्ट्याचे थरथराट आणि प्रत्येकासमोर त्यांचंच उत्तर. 'काही नाही', 'काही नाही', 'काही नाही'.

सलोनी जागी होती. त्यांना पाहून तीच ओशाळली. "सॉरी, मॅडम. कालपासूनच लई दुखून रायलं होतं. पण पट्टा हिरवा होता. मले वाटलं, मीच नखरे करून रायली."

 पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. पट्टा हिरवा का राहिला, कुणामुळे राहिला. सलोनीने ऐकून घेतलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पण तुम्ही त्याच्याशी कायले खोटं बोलत होत्या? तो तर कोणाले सांगतही नव्हता."

बाईंना आपलं नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. रुग्णालयातून परतल्यावर दाराआडून ऐकलेलं, 'राखीव जागेवर येतात आणि रजेवर बसतात.' त्या दिवसापासून त्यांनी दुखणं लपवलं. आधी लोकांपासून, मग आईपासून, आणि शेवटी मनगटावरच्या मुक्या यंत्रापासूनही. तसं म्हणणारा केव्हाच निवृत्त झाला, लपवणं मात्र राहिलं. त्याला त्या जिद्द म्हणत आल्या होत्या, आणि आज त्या जिद्दीची किंमत दुसऱ्याच्या लेकीचा खुबा चुकवत होता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"सवय, बेटा," एवढंच त्या म्हणाल्या. सलोनीने मान भिंतीकडे वळवली.

बाहेर ठोंबरे त्यांची वाटच पाहत होता. "अजून एक आहे, मॅडम. तुमची नोंद सर्वांत जुनी, सर्वांत स्वच्छ. त्यामुळे मार्गदर्शक कुणीही असो, राज्यभरात सिकलसेलच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पट्ट्याला तुमचंच विरजण लागलंय."

"मग बंद कर ते पट्टे. आत्ता."

"योजनेच्या समितीची परवानगी लागते. समिती सोमवारी बसते. संचालक म्हणाले, तोवर गवगवा नको, नाहीतर योजनाच गुंडाळतील."

"गुंडाळू देत. मला मुलांचे नंबर दे."

ठोंबरेने नंबर पाठवले. पहिला होता प्रज्योत मेश्रामचा, चंद्रपूरला खाणींच्या पाण्यावर संशोधन करणाऱ्या मुलाचा.

"कुमरे मॅडम?" तो आनंदून गेला. "अवो, 'सोबत'च्या उद्घाटनाचं तुमचं ते रजा न घेण्यावरचं भाषण आम्ही किती वेळा ऐकलं!"

"प्रज्योत, नीट ऐक. पट्टा काढून ठेव. तो चुकीचं सांगतो आहे, माझ्यामुळे. तुला कुठं दुखतंय का?"

"पाठीत आहे थोडं. छातीत पण, परवापासून. पण चालते तेवढं."

"चालत नाही! आहेस तिथून उठ आणि रुग्णालयात जा."

"उद्या नमुने घ्यायचे आहेत, मॅडम. ते झाले की जातो ना."

"प्रज्योत, मी सांगते आहे. आत्ता जा."

पलीकडे तो हसला, आणि हसताना त्याला धाप लागली. मग थट्टा नाही, उर्मटपणा नाही, अगदी मनापासून त्याने विचारलं, "खरं सांगा, मॅडम. माझ्या जागी तुम्ही असत्या, तर गेल्या असत्या का?"