गाळलेल्या पानांवरच्या फुल्या

ही गोष्ट खरी आहे. भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने, ती स्वतः मला सांगितली. आणि भाऊजी खोटं फक्त छापून आणतात.

ते पुस्तकांचे समीक्षक आहेत. पहिली वीस पानं, शेवटची वीस पानं, की परीक्षण तयार. मधलं पुस्तक लेखकाच्या नातेवाइकांसाठी असतं, असं त्यांचं मत.

मार्चमधला रविवार. दुपारचे तीन. ताई बाहेर गेलेली.

भाऊजींनी नव्या पुस्तकावरचं प्लॅस्टिक फाडलं. घड्याळातून जादूच्या राज्यात जाणाऱ्या मुलीची गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच वाचलेली. एका लेखकाने ती 'मोठ्यांसाठी' पुन्हा लिहिली होती. म्हणजे मुलीला सिगारेट दिली होती आणि बोलक्या बदकाला घटस्फोट. ती खपली. म्हणून हा दुसरा भाग. यात बदक समुपदेशन घेतं.

वीस पानं झाली. 'लेखकाला सांगायचं काही नाही, पण कागद भरपूर आहे,' हे वाक्य भाऊजींनी टिपून ठेवलं. स्वतःवर खूश झाले. मग सवयीने शेवटाकडे पानं उलटली...

एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात लाल खडूची फुली होती.

बाविसाव्यावरही...

थेट शेवटच्या वीस पानांपर्यंत.

ती वेडीवाकडी फुली भाऊजींच्या ओळखीची होती. त्यांची धाकटी बहीण चिमी सहाव्या वर्षी अंथरुणाला खिळली, तेव्हा ते नऊ वर्षांचे. मूळ गोष्ट तिला वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे. बाहेर पोरं खोळंबलेली, म्हणून ते पानं गाळायचे. चिमीला बरोबर कळायचं. गाळलेल्या पानावर ती फुली मारायची आणि दुसऱ्या दिवशी ते वाचायला लावायची.

एका दुपारी त्यांनी निम्मं पुस्तक गाळलं. "संपली गोष्ट," म्हणाले आणि खेळायला पळाले.

परत आले, तर चिमी गेलेली.

आता शेजारच्या खोलीत... पलंग करकरला.

त्या खोलीत पलंग नाही.

भाऊजींनी चष्मा पुसला. एकविसावं पान काढलं आणि मोठ्याने वाचू लागले. करकर थांबली. बदकाच्या एका विनोदावर भिंतीपलीकडे कुणीतरी हसलं. विनोद इतका फालतू होता, की सहा वर्षांच्या मुलीखेरीज कुणी हसलं नसतं.

वाचून झालेल्या पानावर फुली उरत नव्हती.

शेवटची तीन पानं राहिली आणि भाऊजी थांबले.

तेवढ्यात ताई आली. घसा बसलेल्या नवऱ्याला तिने विचारलं, "इतकं काय आहे त्यात?"

"काही नाही. भिकार आहे," भाऊजी म्हणाले. "पण संपवायचं नाही."

तेव्हापासून रोज तीन वाजता ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात. त्या तीन पानांपाशी थांबतात. परीक्षण अजून गेलेलं नाही.

परवा मी गेलो, तेव्हा त्यांनी पुस्तक पुढे केलं.

त्या तीन पानांवर... ताज्या लाल फुल्या होत्या.

भाऊजी लेखकाला पत्र लिहीत होते. तिसरा भाग लवकर लिहावा, ही नम्र विनंती. 'नम्र' हा शब्द त्यांनी कुठल्याही लेखकासाठी आजवर वापरलेला नाही.

पत्र मीच टाकलं.

उत्तर आलेलं नाही.